खरं नाव सांगणारी माणसं

प्रस्तावना

अर्थसीच्या सहा पुस्तकांतला मला सर्वांत प्रिय प्रसंग एका निरोपाचा आहे. रोक बेटावर मांत्रिकांची शाळा आहे आणि गेड हा तिथला सगळ्यात तल्लख, सगळ्यात मानी विद्यार्थी. एका रात्री, बरोबरीच्या मुलाला हरवायच्या ईर्ष्येने, तो जुन्या गाथेतल्या एका मृत सुंदरीला मंत्र म्हणून बोलावतो. ती क्षणभर दिसते. पण त्यासाठी जगाला जे भगदाड पडतं, त्यातून एक सावली आत घुसते आणि गेडचा चेहरा ओरबाडून निसटते. भगदाड बुजवताना शाळेच्या वृद्ध महागुरूंचा प्राण जातो. गेड कित्येक महिने अंथरुणाला खिळून राहतो. उठतो तेव्हा गालावर व्रण, बोलणं अडखळतं, आणि बरोबरची मुलं केव्हाच पुढे गेलेली. अशा वेळी वेच हा त्याचा मित्र, शिक्षण संपवून आपल्या बेटाकडे निघालेला, त्याला भेटायला येतो. कधी आमच्याकडे ये, म्हणतो. आणि निघता निघता त्याला आपलं खरं नाव सांगतो: एस्टारिओल.

अर्थसीत याहून मोठं देणं नाही. तिथे प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव असतं, आणि ते ज्याला कळलं त्याच्या हातात त्या जिवाची दोरी जाते. म्हणून सगळे हाकेच्या नावाने वावरतात. 'वेच' हे एका रानवेलीचं नाव. गेडला लोक 'स्पॅरोहॉक' म्हणतात. हा पक्षी आपल्याकडच्या शिक्र्याचा भाऊबंद. खरं नाव ते ठेवणाऱ्याशिवाय, फार तर एखाद्या जिवलगाशिवाय कुणाला ठाऊक नसतं. ज्या मुलाने नुकताच शाळेतला सगळ्यात मोठा अपराध केला आहे, ज्याच्या मागे एक अनाम सावली लागली आहे, त्याच्या हातात वेच आपला जीव देतो. मी तुला क्षमा केली, माझा तुझ्यावर विश्वास आहे, असं काही तो बोलत नाही. फक्त नाव सांगतो. आणि गेडही मग त्याला आपलं नाव सांगतो.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अकरावीत होते. पुस्तक वाचनालयाचं, कव्हर निखळलेलं. त्या पानावर मी थांबले आणि त्या दिवशी पुढे वाचलं नाही. तेव्हापासून एका वहीत मी या मालिकेतली आवडती माणसं आणि आवडते प्रसंग लिहून ठेवत आले. ही वही हेच या पुस्तकाचं मूळ. पुस्तक करायचं ठरलं तेव्हा वही पहिल्यापासून वाचून काढली, आणि इतक्या वर्षांत न दिसलेली गोष्ट दिसली. वहीत लढाया जवळजवळ नव्हत्या. होते ते असे क्षण, ज्यात कुणी कुणाला नाव सांगतं, हरवलेलं नाव परत देतं किंवा स्वतःचं नाव कबूल करतं. मी ज्याला माझी आवड समजत होते, ते त्या कथेचं हाडच होतं. या लेखांतून मला एवढंच सांगायचं आहे: अर्थसीत मंत्राचं बळ नाव ओळखण्यात आहे, पण माणसाची थोरवी नाव सोपवण्यात आहे.

*

अर्थसीची निर्माती उर्सुला के. ले ग्विन. जन्म १९२९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, मृत्यू २०१८ साली पोर्टलंडमध्ये. वडील आल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकेतले मोठे मानववंशशास्त्रज्ञ, आई थिओडोरा क्रोबर लेखिका. या घराशी जोडलेली एक खरी गोष्ट मला अर्थसी वाचताना नेहमी आठवते. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक एकटा आदिवासी माणूस सापडला. 'याही' नावाच्या जमातीतला तो शेवटचा माणूस. बाकीचे सगळे गोऱ्यांच्या वसाहतीच्या काळात मारले गेले किंवा मेले होते. पुढे त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात ठेवण्यात आलं. तो क्षयाने १९१६ साली वारला. या काळात त्याने आपलं नाव कुणालाही सांगितलं नाही. त्याच्या रीतीप्रमाणे स्वतःचं नाव स्वतः उच्चारायचं नसतं, आणि ते सांगू शकेल असं त्याचं माणूस जगात उरलं नव्हतं. आल्फ्रेड क्रोबरांनी त्याला 'इशी' म्हटलं. त्याच्या भाषेत इशी म्हणजे नुसताच 'माणूस'. थिओडोरांनी लिहिलेलं त्याचं चरित्र १९६१ साली आलं. अर्थसी त्यातूनच जन्माला आली, असं म्हणणं धाडसाचं होईल. पण जिच्या आईने ही गोष्ट लिहून काढली त्या मुलीला नाव म्हणजे हाकेची सोय एवढंच वाटणं शक्य नव्हतं.

१९६४ साली ले ग्विन यांच्या अर्थसीतल्या दोन लघुकथा मासिकात छापून आल्या. त्यांतल्या एकीचं नावच नावांच्या नियमावर होतं. पुढे बर्कलीच्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेने त्यांना मोठ्या मुलांसाठी पुस्तक मागितलं. ले ग्विन यांना प्रश्न पडला, की गोष्टीतले मांत्रिक नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारेच का असतात? ते लहान असताना काय करत होते, शिकले कुठे? त्यांनी आधी एक नकाशा काढला: समुद्रात विखुरलेली बेटंच बेटं. १९६८ साली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आलं. हॉगवर्ट्सची शाळा वाचकांना भेटली ती १९९७ साली. रोकची शाळा त्याच्या एकोणतीस वर्षं आधीची. मग 'द टूम्ब्ज ऑफ अॅटुआन' १९७१ साली आणि 'द फार्देस्ट शोअर' १९७२ साली. तिघांची त्रयी झाली, कथा संपली असं सगळ्यांनी धरलं. अठरा वर्षांनी, १९९० साली, 'तेहानू' आलं. २००१ साली 'टेल्स फ्रॉम अर्थसी' हा कथासंग्रह आणि 'द अदर विंड' ही शेवटची कादंबरी. लेखिकेच्या मृत्यूनंतर २०१८ साली 'फायरलाइट' नावाची एक लहानशी कथा छापली गेली. तीत म्हातारा गेड जगाचा निरोप घेतो.

*

नावाची ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटणार नाही, असं मला खात्रीने वाटतं. आपल्याकडे पाळण्यातलं नाव वेगळं, हाक मारायचं वेगळं, राशीवरून आलेलं आणखी वेगळं. मूल जगत नसेल तर दृष्ट लागू नये म्हणून त्याला दगडू, धोंडू, कचरू म्हणायचे. म्हणजे हाकेच्या नावाची ढाल करायची. नवऱ्याचं नाव तोंडावर यायचं नाही, आलं तर उखाण्यात लपून. आपली भाषाच बघा: आपण नाव ठेवतो, नाव काढतो, नाव घेतो, नाव घालवतो, कुणाचं नाव टाकतो. नाव ठेवणं म्हणजे बारसं करणंही आणि खोट काढणंही. एवढे व्यवहार ज्या भाषेत नावाशी चालतात, त्या भाषेत अर्थसीबद्दल लिहिताना मला शब्द शोधत फिरावं लागलं नाही.

गेडचं बारसं पाहा. गॉन्ट बेटावरच्या डोंगराळ खेड्यातला हा कासाराचा पोर. आईने ठेवलेलं नाव डनी. ती तो वर्षाचा व्हायच्या आत गेली. तेराव्या वर्षी त्याची मांत्रिक मावशी ते बाळपणीचं नाव त्याच्याकडून काढून घेते. नाव नाही, अंगावर वस्त्र नाही, अशा अवस्थेत तो आर नदीच्या बर्फगार झऱ्यातून चालत पलीकडे जातो. काठावर पुढे त्याचा गुरू होणारा मांत्रिक ओगिऑन उभा असतो. तो कुडकुडणाऱ्या मुलाचा दंड धरतो आणि कानात त्याचं खरं नाव सांगतो. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलेलं ज्याने पाहिलं आहे, त्याला हा परिच्छेद समजावून द्यावा लागत नाही.

या ओगिऑनवर पुस्तकातला पहिला लेख आहे, कारण तो माझा पहिला आवडता माणूस. त्याने एकदा भूकंप थांबवला आहे. पण गेड शिष्य होऊन त्याच्याबरोबर चालू लागतो तेव्हा दिवसचे दिवस काहीच घडत नाही. पाऊस येतो. इतर कुणी मांत्रिक असता तर त्याने ढग बाजूला सारले असते. ओगिऑन एका झाडाखाली आडवा होतो आणि पाऊस पडू देतो. गेड चिंब भिजतो आणि मनात म्हणतो, मग शक्ती असून उपयोग काय? वाटेत ओगिऑन त्याला एक साधी रानवनस्पती दाखवतो. गेड विचारतो, हिचा उपयोग काय? ओगिऑनला तिचा काही उपयोग ठाऊक नसतो. आणि तरी तिचं मूळ, पान, फूल, वास, बी हे सगळं सगळ्या ऋतूंत ओळखता आलं, म्हणजेच तिचं खरं नाव कळेल, हा त्याचा धडा असतो. मुलाला हे पटत नाही. तो रोकला निघून जातो, आणि पुढची सारी कथा म्हणजे त्या पावसातला धडा समजायला त्याला लागलेला वेळ आहे.

चौथ्या पुस्तकात हाच ओगिऑन मरणशय्येवर आहे. दुसऱ्या पुस्तकाची नायिका तेनार, आता विधवा झालेली, त्याच्याजवळ बसली आहे. तो तिला आपलं खरं नाव सांगतो: ऐहाल. तो गेल्यावर दोन मांत्रिक येतात आणि याचं दफन कुठे करायचं यावरून बोलू लागतात. ती खेडवळ विधवा तिथे आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. ती त्याचं नाव उच्चारते, कारण मेल्यावर माणसाचं नाव सगळ्यांना कळावं अशी तिथली रीत आहे. या थोर मांत्रिकाने आपलं नाव कुणाजवळ ठेवलं होतं, हे त्या दोघांना तेव्हा कळतं.

*

या पुस्तकात सगळ्यात जास्त पानं तेनारला दिली आहेत. 'द टूम्ब्ज ऑफ अॅटुआन' उघडतं ते एका आईच्या हाकेने. संध्याकाळ आहे, सफरचंदाची झाडं फुलायच्या बेतात आहेत, आई लहान तेनारला घरी बोलावते आहे. ही मुलगी थडग्यांच्या महापुजारिणीचा पुनर्जन्म आहे असं ठरलेलं असतं. पाचव्या वर्षी तिला नेतात. विधी होतो, डोक्यावर तलवार उचलली जाते आणि अडवली जाते. तिथून तिचं नाव नाही. आता ती अर्हा, म्हणजे 'गिळलेली'. अनाम शक्तींनी तिला गिळलं आहे. ती वाळवंटात वाढते, आणि जमिनीखालचा भूलभुलैया अंधारात हाताने चाचपत पाठ करते, कारण तिथे दिवा नेणं हे पाप.

मग तो प्रसंग येतो, जो माझ्या वहीत तीनदा लिहिलेला सापडला. एके दिवशी ती थडग्यांखालच्या गुहेत उतरते आणि तिथे उजेड दिसतो. गेड चोरासारखा आत शिरला आहे, त्याच्या काठीच्या टोकाला प्रकाश आहे. आणि तिला पहिल्यांदा दिसतं, की ही गुहा स्फटिकांनी लखलखते आहे. जी जागा तिची होती, जिच्यावर तिची सत्ता होती, ती सुंदर आहे हे तिला कधी कळलंच नव्हतं. ती आधी चिडते. तिच्या अंधाराचा त्याने भंग केला आहे. ती त्याला कोंडते, तहानेने तडफडू देते. मग त्याला पाणी नेऊन देते. पुढच्या एका भेटीच्या शेवटी तो तिला हळूच हाक मारतो: तेनार. त्या क्षणी तिचे दरवाजे उघडत नाहीत. ती संतापते, पळते. पण पुढे एका पहाटे जागी होते आणि ते नाव तिला आपलं म्हणून आठवतं.

गेडने नाव वापरून तिच्यावर सत्ता चालवलेली नाही. पहिल्या पुस्तकात तो येवॉड या ड्रॅगनचं नाव ओळखतो आणि त्या नावाच्या जोरावर त्याला वचनात बांधतो. इथे मात्र तो तिचं नाव तिलाच परत करतो, आणि स्वतः तिच्या हाती कैदी राहतो. ती त्याला मारू शकते. सुटकेनंतर समुद्रकाठी एकदा तिच्या हातात सुरीही येते. ले ग्विन तिला लगेच आनंदी करत नाहीत. ती वाया गेलेल्या वर्षांसाठी रडते. मोकळं होणं हे ओझं उचलण्यासारखं आहे, हे इतकं सरळ सांगणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही. आणि शेवटच्या वाक्यात ती गेडचा हात धरून हॅवनॉरच्या रस्त्यांवरून चालते, घरी परतणाऱ्या लहान मुलीसारखी. पहिल्या पानावरच्या आईच्या हाकेला तिथे ओ मिळते.

इथे मला माझ्या आजीबद्दल लिहिलं पाहिजे. आम्ही तिला आजी म्हणत होतो, गाव काकू म्हणायचं, आजोबा 'अगं' म्हणायचे. रेशनकार्डावर जे नाव होतं ते लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव. ती ऐंशीच्या घरात असताना तिच्या माहेरचं एक जुनं कागदपत्र समोर आलं, आणि त्यात एक नाव होतं जे आमच्यापैकी कुणीही कधी ऐकलं नव्हतं. मी ते वाचून दाखवलं. ती काही वेळ गप्प राहिली. मग ते नाव तिने स्वतःच पुन्हा उच्चारलं, अगदी सावकाश, चव घेत असल्यासारखं. घरात कुणी तिच्यावर जुलूम केला नव्हता. आजोबा भले होते. तरी चौदाव्या वर्षी तिच्याकडून एक नाव काढून घेतलं गेलं होतं आणि साठ-पासष्ट वर्षांत ते तिला परत देण्याचं कुणालाही सुचलं नव्हतं. त्या दिवसानंतर मी 'अॅटुआन' पुन्हा वाचलं. तेव्हा समजलं की मी हे पुस्तक आतापर्यंत गेडच्या बाजूने वाचत होते.

*

लेखिकाही आपलं जग काही वर्षं एका बाजूने पाहत होती, आणि तिने ते स्वतः कबूल केलं. पहिल्या तीन पुस्तकांत बायकांच्या मंत्राला कमी लेखणारी म्हण गॉन्टवर सहज बोलली जाते. रोकच्या शाळेत मुलींना जागा नाही. थोर मांत्रिक सगळे पुरुष आणि सगळे ब्रह्मचारी. 'तेहानू'मध्ये ले ग्विन गॉन्टवर परत येतात आणि त्याच घरांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतात. तेनार आता शेतकऱ्याची विधवा आहे. तिच्याकडे थेरू नावाची एक लहान मुलगी आहे, जिला आगीत टाकून मेली म्हणून सोडलं होतं. अर्धा चेहरा जळालेला, एक डोळा गेलेला, एका हाताचा पंजा झालेला. आणि गेड परत येतो तो रिकामा होऊन.

या रिकाम्या गेडवर मी मनापासून लिहिलं आहे. 'द फार्देस्ट शोअर'मध्ये कॉब नावाच्या मांत्रिकाने मरण टाळण्यासाठी जीवन आणि मृत्यू यांच्यामध्ये एक भोक पाडलं आहे, आणि त्यातून जगाची सगळी विद्या वाहून चालली आहे. गायकांना गाणी आठवत नाहीत, ड्रॅगनची वाचा जाते. लॉर्बेनरी बेटावरच्या रंगारणींपैकी आकारेन आपलं खरं नाव चारचौघांत ओरडून सांगते, कारण आता त्याला किंमत उरलेली नाही. गेड तिला नवं नाव देतो. कॉबने अमरत्वाच्या बदल्यात स्वतःचं नावच गमावलं आहे. गेड ते भोक बुजवतो, आणि त्यात त्याची सारी शक्ती संपते. केलेसिन हा प्राचीन ड्रॅगन त्याला पाठीवरून गॉन्टला आणून सोडतो.

दुसऱ्या एखाद्या मालिकेत याच जागी राज्याभिषेक होऊन पडदा पडला असता. इथे नवा राजा लेबानन त्याला बोलवायला माणसं पाठवतो, आणि हा महामांत्रिक लाजेने डोंगरात पळून जातो आणि शेळ्या राखतो. लहानपणी मावशीकडून चोरून ऐकलेल्या मंत्राने त्याने पहिल्यांदा शेळ्याच बोलावल्या होत्या. पुष्कळ वाचकांना हा गेड सहन झाला नाही, हे मला ठाऊक आहे. मलाही पहिल्या वाचनात झाला नव्हता. आज वाटतं, मालिकेतला सगळ्यात धीट भाग हाच. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी, समुद्राच्याही पलीकडे, जिथे पाण्याची वाळू झाली आहे, तिथे गेड आपल्या सावलीला सामोरा जातो आणि तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतो. ते नाव गेडच असतं. सावलीही त्याच क्षणी तेच म्हणते. तेव्हा त्याने आपल्यातल्या वाइटाला आपलं नाव दिलं होतं. आता त्याला आपल्या दुबळेपणालाही तेच नाव द्यायचं आहे, आणि ते कितीतरी अवघड आहे.

त्याला ते शिकवते तेनार, रोजच्या कामांतून. आणि पुस्तकाच्या शेवटी, दोघं एका दुष्ट मांत्रिकाच्या मंत्रात जखडून कड्याच्या टोकावर उभी असताना, ती जळालेली मुलगी कड्यावर धावत जाते आणि आदिभाषेत केलेसिनला हाक मारते. ही भाषा तिला कुणी शिकवलेली नाही. ती ड्रॅगनची मातृभाषा आहे, आणि ड्रॅगन तिला तिच्या खऱ्या नावाने ओळखतो: तेहानू. गावातल्या एका विणकराच्या घरी जुना पंखा आहे, हे इथे आठवावं. त्याच्या एका बाजूला नाजूक रेषांत रंगवलेली माणसं, दुसऱ्या बाजूला ड्रॅगन. आणि पंखा उजेडात धरला की दोन्ही चित्रं एकच होतात. तेनार ते पाहते तेव्हा वाचकाला वाटतं, छान वर्णन आहे. कड्यावरच्या प्रसंगानंतर मागे जाऊन वाचलं की अंगावर काटा येतो.

*

लहानसहान माणसांसाठी आणि प्राण्यांसाठी मी वेगळा लेख ठेवला आहे. त्यात होएग आहे, गेडच्या खिशात राहणारा ओटक जातीचा इवलासा प्राणी. मरणाऱ्या मुलामागे मृतांच्या देशात उतरलेल्या गेडला तो नुसता चाटून चाटून परत आणतो. अॅटुआनच्या मठातली गोबरी पेन्थे आहे, जी देवराजाच्या देवपणावर विश्वास ठेवत नाही आणि सरळ सांगते की इथे गाडून घेण्यापेक्षा डुकरं राखणाऱ्याशी लग्न केलेलं बरं. अर्हाच्या श्रद्धेला पहिला तडा तिच्यामुळे जातो. अंगाला वास येणारी, गावाच्या टोकाला राहणारी मॉसमावशी आहे. आणि वाळूच्या एका उजाड पट्ट्यावर राहणारे ते म्हातारे भाऊबहीण आहेत. लहानपणी त्यांना तिथे टाकून दिलं गेलं, तेव्हापासून त्यांनी दुसरा माणूस पाहिलेला नाही. ती म्हातारी बुडता वाचलेल्या गेडला एक तुटका धातूचा तुकडा देते, काय आहे ते माहीत नसताना. पुढे ज्या कड्यामुळे सगळ्या बेटांना शांती मिळते, त्याचा हा अर्धा भाग. गेड जाताना त्यांच्या मचूळ झऱ्याचं पाणी गोड करून जातो.

शेवटचा लेख 'द अदर विंड'वर आहे. आल्डर हा फुटकी भांडी सांधणारा साधा मांत्रिक. त्याची मेलेली बायको लिली स्वप्नात दगडी भिंतीपलीकडून त्याला खऱ्या नावाने हाक मारते आणि सोडव म्हणते. मृतांच्या कोरड्या देशात माणसाचं नाव तेवढं उरतं, बाकी माया, ओळख, काही नाही. माणसांनी नाव कायमचं धरून ठेवायच्या हट्टापायी ती भिंत घातली होती, हे हळूहळू उलगडतं, आणि ती पाडली जाते. नाव कसं ओळखावं इथून सुरू झालेली कथा नाव कसं सोडावं इथे येऊन थांबते. लेखिकेने यासाठी तेहेतीस वर्षं घेतली.

*

आता थोडं या पुस्तकाविषयी. 'विझर्ड'ला मी 'मांत्रिक' म्हटलं आहे. या शब्दाला आपल्याकडे अंगाऱ्या-धुपाऱ्याचा वास आहे, याची मला कल्पना आहे. पण 'जादूगार' म्हटलं की टोपीतून ससा निघतो, आणि अर्थसीतली विद्या सारी शब्दांची आहे. रोकच्या शाळेत मुलांना एकाकी मनोऱ्यात पाठवून नावांच्या याद्या पाठ करायला लावतात, आणि मध्यरात्री त्या पानांवरची शाई उडून जाते. ज्याला शब्द तोंडपाठ असावा लागतो, तो मांत्रिकच.

दुसरी गोष्ट रंगाची. गेड तांबूस-तपकिरी कातडीचा आहे, वेच काळा आहे, गोरे ते कार्गाडचे लोक. ले ग्विन यांनी हे १९६८ साली जाणूनबुजून लिहिलं. तरी कितीतरी मुखपृष्ठांवर गेड गोरा झाला, आणि २००४ सालच्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतही. ले ग्विन यांनी याचा जाहीर निषेध लिहून केला. आपल्यासारख्या सावळ्या वाचकांनी हे विसरू नये. मी अकरावीत गेडला मनात पाहिलं ते माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या चेहऱ्याचं, आणि लेखिकेला तसंच हवं होतं.

अर्थसी न वाचलेल्यांनी हे पुस्तक वाचलं तरी चालेल, फक्त गोष्टींचे शेवट मी लपवलेले नाहीत. ज्यांना ते आधी कळायला नको असतील, त्यांनी इथेच हे पुस्तक मिटावं आणि पहिली कादंबरी हाती घ्यावी. मला त्याचा आनंदच होईल. ज्यांनी ती वाचली आहे त्यांच्याशी मला बोलायचं आहे. तुमची यादी माझ्याहून वेगळी असणार. तुम्हाला येवॉडशी झालेली बोलणी आवडत असतील, तराफ्यांवर राहणारे सागरलोक आवडत असतील, ओस्किलच्या बर्फातली दौड आवडत असेल. पण एकदा ती यादी खरोखर कागदावर उतरवा. आपल्याला काय आवडतं हे सलग लिहून काढलं, की ते का आवडतं याचं नाव कळतं.

या प्रस्तावनेआधी अर्पणपत्रिका आहे. त्या पानावर एक शब्द आहे, एका बाईचं नाव. ते आमच्या गावात कुणाला ओळखीचं वाटणार नाही. आमच्या नातेवाइकांतल्या बहुतेकांनाही नाही. तिने ते नाव मला एका दुपारी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि तिच्या मागे ते उच्चारायची मुभा दिली. ती आता नाही. अर्थसीच्या रीतीप्रमाणे, गेलेल्या माणसाचं खरं नाव सगळ्यांना सांगायचं असतं. म्हणून ते तिथे छापलं आहे.